माहितीपटाचीही छाटणी वेळेवर हवी

महोदय,

माहितीपटाचा विषय सुचला की तरुण मंडळी आधी कॅमेरा भाड्याने आणतात. चूक तिथेच होते. ‘नाशिकची द्राक्षे’ हा नुसता विषय झाला. एक माणूस, त्याच्यापुढचा पेच आणि तो कधीपर्यंत सुटेल, हे दोन वाक्यांत लिहिता आले तरच चित्रपट दिसू लागतो. ‘यंदा कर्ज फिटले नाही तर बाग काढायची’ असे ठरवलेला निफाडचा बागायतदार, हे झाले पहिले वाक्य.

मग वेळापत्रक. फेब्रुवारीत खुडायचा घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच काडीच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, तयार होऊ लागतो. ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी फुलोरा येतो. त्यात पाऊस झाला की केवडा हा बुरशीचा रोग नि घडांची कूज. खुडणीलाच पोहोचलेल्या कॅमेऱ्याला देखणे घड मिळतात, नुकसानीचे कारण मात्र हातातून गेलेले असते. म्हणून सुरुवात एप्रिलपासून, आणि पहिल्या तीन-चार भेटी कॅमेऱ्याविना. घरातल्या सगळ्यांची लेखी संमती तेव्हाच घ्यावी. बाग सामाईक असेल तर भावकीतला एक नकार पुढे सगळे काम अडवतो.

त्यानंतर तीन मिनिटांचा नमुना. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली आणि ती छोटी फीत दाखवून भांडवल मिळवले. पैसे देणाऱ्याला आजही कागदापेक्षा पडदा पटतो.

सर्वाधिक माहितीपट आवाजात मार खातात. बागेत फवारणीचा ब्लोअर चालू असताना कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये माणूस हरवतो. कॉलरचा माइक हवाच. प्रत्येक जागेची एक मिनिट नुसती शांतताही ध्वनिमुद्रित करावी, नाहीतर संकलनातला प्रत्येक सांधा ऐकू येतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचे शटर ठेवावे. ट्यूबलाइटची लुकलुक टळते.

अर्ध्या तासाच्या माहितीपटासाठी बारा तासांचे चित्रण सहज होते. १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने तासाला ४५ जीबी, म्हणजे ५४० जीबी. एकेक टीबीच्या दोन हार्ड डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. दोन्हींवरचे चित्रण उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये.

कच्चे संकलन अनोळखी प्रेक्षकांना दाखवावे. ते कोणत्या मिनिटाला मोबाइल काढतात ते टिपले की कात्री कुठे लावायची ते कळते. यासाठी नाशिकमध्ये जागा हवी. महापालिकेने पांडवलेणीच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात महिन्यातून एक संध्याकाळ पडदा आणि खोली विनामूल्य उपलब्ध करून द्यावी, ही विनंती.

एक संकलक, नाशिक