गाडी विकली, काळजीचं कारण नाही

पुणे

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बरं" म्हणून फोन आईकडं दिला असता आणि पुढं आठवडाभर नुसत्या हवापाण्याच्या गप्पा झाल्या असत्या. म्हणून लिहूनच सांगते. गाडी विकली. भाव चांगला आला. तुम्ही दिलेले पैसे वेगळे काढून ठेवलेत, तुमच्या नावानं मुदत ठेव करायची आहे. नाही म्हणू नका.

अडचण काही नाही. पगार वेळेवर होतात आणि तुमच्या जावयाची उलट माझ्याआधीपासून तयारी होती. मामांनी विचारलं तर एवढंच सांगा, नाहीतर ते परभणीभर भलतंच करून सांगतील.

खरं सांगू का, गाडी बहुतेक वेळ खाली कव्हराखाली उभी असायची आणि हप्ता, विमा चालूच. काढली तर कर्वे रोडला क्लचवरचा पाय उचलायची सोय नाही, ऑफिसला पोचून पुन्हा पार्किंग शोधा. घरी येईपर्यंत डोकं भणभणायचं आणि राग निघायचा लेकरावर.

आता आनंदनगरला मेट्रोत बसते, थेट येरवड्याला उतरते. मध्ये बदलायची भानगड नाही. आई, तीन डब्यांतला एक बायकांचाच असतो आणि एसी आहे. डेक्कनपाशी मेट्रो मुठेच्या अगदी काठानं जाते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तू टीव्हीवर बघून घाबरून फोन करतेस ना, तो भिडे पूल वरून दिसतो. पाण्याखाली गेलेला असतो आणि आम्ही कोरड्या पायांनी पुढं जातो.

बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असणार. पोरीच्या दारात गाडी हवी म्हणून तुम्ही काय काय केलंत, मला ठाऊक आहे. पण तुम्ही अख्खी नोकरी जिंतूरला एसटीनं अपडाऊन केलीत. मांडीवर डबा, डब्यावर वह्यांचा गठ्ठा. रस्त्यात खड्डा आला की लाल शाईची रेघ पार समासाबाहेर जायची आणि वर्गातली पोरं म्हणायची, गुरुजी बोरीपाशी असतील तेव्हा. गुरुजींकडं गाडी नाही म्हणून कुणाच्या तोंडून कधी शब्द आला नाही. संध्याकाळी तुमच्या पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चिक्कीसाठी मी फाटकावर उभी राहायचे. माझं लेकरूही आता माझी पर्स उघडून बघतं.

रात्री-अपरात्री काही झालं तर, हा आईचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. फोनवरून रिक्षा बोलावता येते, दवाखानाही जवळ आहे.

तुम्ही याल तेव्हा नांदेड-पनवेलनंच या, ट्रॅव्हल्स नको. मी फलाटावर येते. मेट्रो सकाळी ६ वाजता सुरू होते, गाडी लवकर आली तर तोवर चहा घेऊ. पुणे स्टेशनहून आनंदनगर सरळ आहे. लिफ्ट आहे, आईला एकही पायरी चढायची नाही. फक्त ज्वारीचं पोतं आणू नका. दोन पायली पुरे, बाकीची मी दिवाळीत येऊन नेईन.

आणि आता ऐका. मोटारसायकलवर नांदेडला दाखवायला जायचं नाही, म्हणजे नाही. एसटीत आईला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तुमचंही पासष्टीनंतर अर्धंच. खिडकीजवळ बसा, हवं तर डुलकी काढा. अंधार पडल्यावर शेताकडं चक्कर मारणं बंद करा, गड्याला फोन केला तरी चालतं. बीपीची गोळी चहाच्या आधी घ्या, "आठवण राहिली नाही" चालणार नाही, आईनं बघावं. आणि आई, तू स्वतःची लपवतेस तेही मला कळतं. येताना गुडघ्याचे एक्स-रे आण, जुनेसुद्धा. इथल्या डॉक्टरांची वेळ मी घेऊनच ठेवलीय.

तुमची,
बेबी