तुमच्या नकाशात खाडीला भरतीच येत नाही

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

तेलगळतीनंतर ‘आठ दिवसांत पंचनामा’ हा आपला शब्द होता. पंचवीस दिवसांनी कागद आला: ‘ड्रिफ्ट मॉडेलनुसार तेलतवंग दिवाळे बंदरापर्यंत पोहोचत नाही, सबब भरपाई देय नाही.’ ड्रिफ्ट मॉडेल म्हणजे तवंग कुठे वाहत जाईल याचं संगणकावरचं गणित. जाळी मात्र काळी आहेत. चाळीस असतील, साठही असतील. मोजायला कोणी आलंच नाही.

कागदासोबतचं परिशिष्ट आपल्याकडे कोणी वाचलेलं दिसत नाही. आम्ही वाचलं. काम ओपनड्रिफ्टवर केलंय. नॉर्वेच्या हवामान संस्थेचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं (बिल कितीचं लागलं ते आपणच सांगा) आणि चांगलं आहे. त्यात प्रवाह, वारा, लाटा यांच्या फाइली ज्या क्रमाने लावाल त्या क्रमाने ते विचारत जातं. पहिलीत त्या जागेचं उत्तर नसेल तर दुसरीला, तिच्यातही नसेल तर तुम्ही भरून ठेवलेला पर्यायी आकडा. प्रवाहासाठी इथे एकच जागतिक फाइल लावलीय. तिचा एक चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा, आणि वाशी पुलापाशी खाडी दोन किलोमीटरही रुंद नाही. त्या फाइलीच्या लेखी आमची खाडी म्हणजे जमीनच. पर्यायी आकडा काय भरलाय? शून्य! उधाणाला जिथे पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तिथे तुमचा तवंग डबक्यात सांडल्यासारखा वाऱ्याने सरकेल तेवढाच सरकला.

करायचं होतं ते एवढंच. काहीशे मीटरच्या चौकोनांचं भरती-ओहोटीचं स्थानिक मॉडेल पहिलं लावायचं, जागतिक फाइल त्याच्या मागे. क्रम उलटला तर खाडीच्या तोंडाशी पुन्हा जागतिक आकडाच वरचढ होतो. प्रवाहाचा पर्यायी आकडा काढून टाकायचा. मग माहिती नसेल तिथे मॉडेलमधला तेलाचा कण बाद होतो आणि कारण नोंदीत दिसतं. शून्य भरलं की चूक गुपचूप गिळली जाते.

वेळेचा घोळ तर विचारूच नका. फाइली यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, गळतीची वेळ आपल्या घड्याळाची, आणि तीच जशीच्या तशी भरलेली. फरक साडेपाच तासांचा. भरतीची ओहोटी व्हायला सव्वासहा तास लागतात. म्हणजे उद्या प्रवाह नीट लावलात तरी तवंग उलट्याच दिशेला जाणार.

तवंग वाऱ्याच्या वेगाच्या 3 टक्क्यांनी सरकतो असं धरलं की लाटांचा रेटा त्यात आलेला असतो. वर स्टोक्स ड्रिफ्टही, म्हणजे लाटांच्या रेट्याचा वेगळा हिशेब, जोडायचा तर 2 टक्क्यांवर यावं लागतं. इथे दोन्ही पूर्ण घेतलेत! खाडीत प्रवाह शून्य, बाहेर लाटा दुप्पट.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली, सुमारे 800 टन तेल सांडलं. खाडीतल्या तिवरांना तेव्हाही तेल माखलं होतं; त्यांनी कुठल्या मॉडेलची परवानगी काढली होती? पूल आले, भराव आले, विमानतळ आला. कोळीवाड्यासमोर दरवेळी रंगीत नकाशाच धरला गेला. संगणकातलं शून्य म्हणजे पुरावा, आणि डोळ्यांसमोरचं जाळं म्हणजे सांगोवांगी, असा तुमच्या कचेऱ्यांचा कायदा. भरतीची वेळ इथलं शाळकरी पोरही तिथीवरून सांगतं, पण त्याला निविदा भरता येत नाही.

नवा नकाशा काढाल तेव्हा काढा. आधी पंचनाम्याला माणूस धाडा, तोही ओहोटीला. तिवरांची काळी मुळं तेव्हाच उघडी पडतात. आणि वेळ कळवाल ती कृपया भारतीय कळवा.

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर येथील एक मच्छीमार