हेडलाईटचे काम मुळापासून करून देणाऱ्या काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गाडीचे हेडलाईट बदलून दिल्याबद्दल मी आपले आभार त्याच दिवशी मानले होते. परंतु ते घाईचे होते आणि आपण निम्मे लक्ष पान्याकडे ठेवूनच ते ऐकले. आपण केलेल्या कामाची, आणि त्याहूनही ते ज्या क्रमाने केले त्या क्रमाची, नोंद जाहीरपणे व्हावी असे मला वाटते, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या इतरांनाही तिचा उपयोग होईल. नाव लिहू नये ही आपली अट मी पाळली आहे.

रात्री प्रकाश अपुरा पडतो, एवढीच तक्रार घेऊन मी आपल्याकडे आलो होतो. तोवर ज्याला विचारावे त्याने ‘जास्त वॅटचे बल्ब घाला’ किंवा ‘एलईडी टाका’ असा एका वाक्यात निकाल दिला होता. आपण बल्बला हात लावण्यापूर्वी मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर 13.8 व्होल्ट मिळत होते आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) लावून बल्बच्या होल्डरवर मोजले तेव्हा जेमतेम 11.9. हा फरक किरकोळ वाटतो, पण हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या जवळपास 3.4 व्या घाताने बदलतो. त्या हिशेबाने वाटेतच सुमारे 40 टक्के प्रकाश गळत होता. बल्ब कितीही महागाचा आणला असता तरी ही गळती तशीच राहिली असती.

ती कोठे होते हेही आपण वायर धरून दाखवले. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, तेथून अपर (दूरचा झोत) आणि डिपर बदलण्याच्या दांड्यातून आणि मग बारीक वायरने पुढे जातो. 55 वॅटचे दोन बल्ब मिळून 9 अँपिअरच्या आसपास करंट घेतात. स्विचचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट, सैल झालेल्या पिना आणि बॉडीला जेथे अर्थिंग बसवलेले असते तेथला गंज, असा प्रत्येक जण व्होल्टेजचा थोडा थोडा वाटा खातो. यावर आपण डिपरसाठी एक आणि अपरसाठी एक असे दोन रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवले. बॅटरीजवळ फ्यूज घालून तेथून जाड वायर थेट रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला दिली, 87 वरून बल्बला नेली आणि जुन्या वायरिंगकडे 85 व 86 मधल्या कॉइलला थोडा करंट देऊन रिले चालू करण्याचे हलके काम तेवढे ठेवले. अर्थिंगची जागा पत्र्यापर्यंत घासून नवी वायर आवळली. प्लॅस्टिकचे करपलेले होल्डर काढून सिरॅमिकचे घातले. जास्त वॅटचे बल्ब जुन्याच वायरिंगवर लावले असते, तर ते होल्डर वितळण्याचा धोका होता.

मग काचेचा विषय निघाला. तिला आपण सवयीने काच म्हणतो, पण अलीकडच्या बहुतेक हेडलाईटप्रमाणे ती पॉलिकार्बोनेटची आहे आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यावरचा संरक्षक थर संपला की ती पिवळी व खरखरीत होते. आपण एका कोपऱ्यावर पाणी लावून आधी 1000 नंबरचा, मग 2000 नंबरचा वॉटर पेपर फिरवला आणि पॉलिश केले. तेवढा भाग नितळ झाल्यावर आतला रिफ्लेक्टर दिसला आणि घासण्याचा बेत आपण तेथेच थांबवला, कारण बल्बच्या वरच्या बाजूला त्याचा चंदेरी मुलामा राखाडी होऊन पापुद्रे सुटले होते. तो मुलामा ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर असतो, पुसायला गेले तर फडक्याबरोबर निघून येतो आणि घरच्या घरी पुन्हा चढवता येत नाही. रिफ्लेक्टर शाबूत असलेल्यांनी मात्र आधी पॉलिशच करून पाहावे, असे आपण आवर्जून सांगितले. त्यावर अतिनील किरण अडवणारा थर दिला नाही तर पिवळेपणा लवकरच परत येतो, हेही.

नवा दिवा कोणता घ्यायचा, यात आपला सर्वाधिक वेळ गेला. कंपनीचा मूळ पार्ट बंद झालेला होता. भंगारातून काढलेला मूळ दिवा घ्यावा असा माझा आग्रह होता, कारण मापात तोच अचूक बसतो. परंतु त्याच वयाच्या गाडीतून आलेल्या दिव्याचा रिफ्लेक्टरही त्याच वयाचा असतो आणि गाडीतून उचकटताना त्याचे बसवण्याचे कान हमखास तुटलेले असतात, हे आपण दोन-तीन नमुने हातात देऊन पटवले. राहिले दुसऱ्या उत्पादकांचे नवे दिवे. त्यांतून निवड करताना आपण खोक्यावरचा मजकूर वाचलाच नाही, थेट काचेवरच्या खुणा वाचल्या. वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि त्याशेजारचा आकडा म्हणजे युरोपीय नियमांनुसार मिळालेली मान्यता व ती देणाऱ्या देशाचा क्रमांक. ‘एचसीआर’ म्हणजे हॅलोजनचा डिपर आणि अपर दोन्ही. आणि आडवा बाण म्हणजे दिवा कोणत्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे त्याची खूण. समोरून पाहताना बाण उजवीकडे असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, दोन्हीकडे असेल तर दोन्हींचा आणि बाणच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा. ही खूण न पाहता चुकीचा दिवा लावला, तर डिपरचा वर चढणारा कोपरा रस्त्याच्या कडेऐवजी समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. दोन्ही दिवे एकाच वेळी बदलावेत, या आपल्या मताशी मीही आता सहमत आहे.

एलईडीबद्दलचे आपले स्पष्टीकरण मी पुढे अनेकांना ऐकवले आहे. एच-4 या प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये अपर व डिपरसाठी दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते म्हणून रिफ्लेक्टरचा खालचा भाग डिपरवर अंधारात राहतो आणि भिंतीवर प्रकाशाची वरची कड स्वच्छ कापलेली दिसते. संपूर्ण रिफ्लेक्टर त्या फिलामेंटची जागा व आकार धरून घडवलेला असतो. त्या ठिकाणी दोन सपाट बाजूंना चिप बसवलेला एलईडी बल्ब घातला, की गाडीपुढची जमीन उजळून निघते, मालक खूश होतो, पण ती कड विस्कटते, दूरचे दिसणे फारसे सुधारत नाही आणि समोरून येणारा आंधळा होतो. निळसर रंगाच्या हॅलोजनबद्दलही आपले मत कडक होते: रंगाचा थर प्रकाश अडवतो, वाढवत नाही. शेवटी साधा 60/55 वॅटचा चांगला बल्ब ठरला. ज्या बल्बवर नफा जास्त मिळतो तो आपण स्वतःहून नाकारलात, हे येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

बसवण्याचे काम त्या मानाने लवकर उरकले. बंपर उतरवण्यापूर्वी रंगाच्या कडांना चिकटपट्टी लावली, सगळे बोल्ट आधी हाताने फिरवले आणि बॉनेट व फेंडरशी फट सारखी जुळल्यावरच ते आवळले. बल्ब काचेला स्पर्श न करता पितळी बुडाशी धरून बसवला, कारण बोटांचा तेलकटपणा तापून काच तेथेच कमकुवत होते. मागचा रबरी बूट ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर ठेवून नीट दाबला; तो तिरका राहिला की आत पाणी गेलेच समजा.

फोकस लावल्याशिवाय आपण गाडी सोडली नाहीत, आणि माझ्या मते बहुतेक ठिकाणी नेमके हेच राहून जाते. टायरमधली हवा तपासून, चालकाच्या जागी मला बसवून, दिव्यांची उंची बदलणारे आतले बटण शून्यावर ठेवून, सपाट जमिनीवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि डिपरची कड त्या रेषेखाली 10 सेंटिमीटरवर, म्हणजे दर मीटरला 1 सेंटिमीटर उतार येईल अशी, एकेक दिवा झाकून जुळवली. आता होल्डरवर 13.4 व्होल्ट मिळतात. वळणावर रस्त्याची कड वेळेत दिसते आणि समोरून कोणी अपर मारून तक्रार करत नाही.

या सगळ्यासाठी मनःपूर्वक धन्यवाद. उजव्या दिव्याचा उंची जुळवणारा प्लॅस्टिकचा स्क्रू थोडा जड फिरतो असे आपण म्हणाला होता. पुढच्या सर्व्हिसला गाडी आणेन तेव्हा तो पाहावा आणि त्याच वेळी रिलेच्या पिनाही एकदा तपासाव्यात, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एका जुन्या गाडीचा मालक