आमचा जिल्हा फौजेच्या कर्जापोटी गेला होता

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

मी नळदुर्गचा. आयुष्यभर कोषागारात जमाखर्च पाहिला, आता निवृत्त आहे. युक्रेनचं युद्ध पेटल्यापासून मित्रदेशांनी एकमेकांच्या संरक्षणाचा किती भार उचलावा यावरचे वाद ऐकतो, आणि दर वेळी आमच्या जिल्ह्याचं जुनं प्रकरण आठवतं. ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

१७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. निजामाने इंग्रजांची मदत मागितली होती; ते तटस्थ राहिले. तीनच वर्षांनी त्याने त्याच इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, वर्षाला सुमारे २४ लाख रुपये देण्याच्या बोलीवर. १८०० साली रोख रकमेऐवजी बळ्ळारी-कडप्प्याकडचा मुलूख तोडून दिला. तेवढ्यावरही भागलं नाही. पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाची आणखी एक फौज उभी राहिली. आपल्या हिंगोलीत, मोमिनाबादेत म्हणजे अंबाजोगाईत तिच्या छावण्या होत्या. पगार निजामाच्या तिजोरीतून, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. पगार थकला की ईस्ट इंडिया कंपनी आपल्या खजिन्यातून भरायची आणि निजामाच्या नावे कर्ज मांडायची. १८५३ मध्ये त्या कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. आम्ही १८६० मध्ये निजामाकडे परत आलो. वऱ्हाड कधीच आला नाही.

त्या वर्षांत नळदुर्गला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभार पाहत होता. माणूस कर्तबगार होता, रयतेची कदर करणारा होता, हे मान्य करतो. पण ज्या फौजेचा खर्च आमच्या शेतसाऱ्यातून निघत होता, ती किती असावी हे इथल्या एकाही शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. साहेब, मला आयुष्यभर टोचलेली गोष्ट ही आहे. पैसे एकाने द्यायचे आणि वही दुसऱ्याने लिहायची.

दुसऱ्या महायुद्धातही वही लंडनमध्येच राहिली. देशाबाहेरच्या लढायांचा खर्च प्रामुख्याने ब्रिटनने सोसायचा, असं ठरलं होतं. वाटणी रास्त दिसते. प्रत्यक्षात इथून माल गेला, ब्रिटनचा वाटा तिकडे पौंडांच्या नोंदीत साचत राहिला आणि इकडे त्या बदल्यात नोटा छापल्या गेल्या. भाव भडकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाला अनेक कारणं होती, ही महागाई त्यातलं एक मोठं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं. उपाशी मेलेल्या लाखो माणसांची नोंद त्या खात्यात कुठेच नव्हती.

आज नाटो, म्हणजे अमेरिका-युरोपची लष्करी युती, हा भार टक्क्यांत मोजते. २०१४ मध्ये संरक्षणावर जीडीपीच्या २ टक्के खर्चाचं उद्दिष्ट ठरलं, २०२५ मध्ये हेगच्या बैठकीत ते २०३५ पर्यंत ५ टक्क्यांवर नेण्याचं ठरलं. पण डेन्मार्कचा खर्च २ टक्क्यांच्या आत होता तेव्हाच अफगाणिस्तानात त्या लहानशा देशाचे ४० हून अधिक सैनिक पडले. पोलंडने युक्रेनची लाखो माणसं घरात घेतली, तीही या टक्क्यांत मावत नाहीत. आमच्याकडे सामाईक विहिरीचा गाळ काढायचा तर एक भाऊ पैसे देतो, दुसरा घरची माणसं घेऊन विहिरीत उतरतो. पैशाचाच हिशेब धरला तर दुसरा कायम देणेकरीच ठरेल.

आपण कुठल्याही लष्करी गटात नाही, हे मला ठाऊक आहे. पण २०१६ पासून अमेरिकेशी आणि पुढे फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, जपानशी एकमेकांच्या तळांवर इंधन, रसद आणि दुरुस्ती मोबदल्यावर मिळण्याचे करार झाले आहेत. ते गरजेचे आहेत. समुद्र मोठा आहे. म्हणून विनंती अशी, की या करारांखाली कुणी किती घेतलं, किती दिलं, किती बाकी राहिलं याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे यावा. जिथे गुप्तता अटळ आहे तिथे निदान संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे यावा. आणि उद्या एखाद्या युद्धात कुणासोबत उभं राहायचं ठरलंच, तर किती माणसं आणि किती काळ, हे आधी लिहून घ्यावं, आणि ते आपणच ठरवावं.

माझा पुतण्या नौदलात आहे. सुट्टीवर आला की सकाळी किल्ल्यात फिरायला जातो. त्याचं जहाज कुणाच्या बंदरात लागतं हे मी त्याला विचारत नाही, विचारूही नये. ते मी आपल्याला आणि माझ्या खासदारांना विचारतो आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी
नळदुर्ग, जि. धाराशिव