बाबांचे गठ्ठे हंगामाप्रमाणेच राहिले, ताई, ते तुमच्यामुळे

आदरणीय ताई,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. बाबांचे कागद आता ग्रंथालयाच्या कपाटात लागले आहेत, नोंदवहीत चढले आहेत आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीबद्दल ज्याला काही शोधायचं असेल त्याला ते मागून बघता येतात. हे सगळं तुम्ही निवृत्त झाल्यावर, एक पैसा न घेता केलंत. नाव घालू नको म्हणून बजावलंत, तेवढं ऐकते.

बाबांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखात, म्हणजेच झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) भरू लागल्या की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. रात्री उशिरा वर गेलेला पडदा पहाटेच खाली येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावी नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावोगावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात, इसार देतात. बाबा या मुलखाचे नाट्यवार्ताहर होते. आधी सायकलवर, मग जुन्या मोटरसायकलवर ते नाटकाला जायचे, रात्रभर बसायचे आणि सकाळी बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. मानधन नावापुरतं. छापून यायचं ते बहुतेक वेळा सहा-सात ओळी.

बाबा गेल्यावर घरात उरले ते गठ्ठे. जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधलेले, माळ्यावर रचलेले. तुमच्याआधी एक संस्था येऊन गेली होती. त्यांना फक्त छापील कात्रणं हवी होती. वह्या, पत्रकं, तिकिटांचे तुकडे, कुणाकुणाची पत्रं, हे सगळं त्यांच्या लेखी फुटकळ. आई तेव्हा एवढंच म्हणाली, ‘काहून फेकता?’ आणि चहा ठेवायला आत गेली.

तुम्ही आलात तेव्हा आम्ही भावंडांनी कामाची वाटणी करून ठेवली होती. फोटो एकीकडे, कात्रणं एकीकडे, पत्रकं एकीकडे. तुम्ही एकही गठ्ठा सोडू दिला नाहीत. आधी आईजवळ बसलात आणि विचारलंत, ते बांधायचे कसे? आईने सांगितलं, होळी झाली की एक गठ्ठा बांधायचे, मग पुढच्या दिवाळीपर्यंत त्याला हात नाही. म्हणजे एक गठ्ठा, एक हंगाम. माणसाने स्वतः लावलेली रचना हीसुद्धा माहितीच असते, ती मोडली तर परत मिळत नाही, हे तुम्ही त्या दिवशी आम्हाला शांतपणे समजावलंत. त्याचं मोल मला पुढे एका गठ्ठ्याने दाखवलं. ते सविस्तर लिहिते, कारण या पत्राचं खरं कारण तेच आहे.

गुलाबी पातळ कागदाचं एक पत्रक. त्याच्या घडीत तिकीट. त्याला टाचणीने लावलेलं कात्रण, सहा ओळींचं: नाटक झालं, गर्दी चांगली होती, अमुक पाहुणे हजर होते. आणि त्याच रात्रीची वहीची पानं. त्यात ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, पडद्यामागे संवाद कोण पुरवत होतं, सगळी नावं. दुसऱ्या अंकात वीज गेली, गॅसबत्त्या आणून अंक पुरा केला, माणसं जागची हलली नाहीत. नायिकेचं काम करणाऱ्या गड्याबद्दल तर अर्धं पान: त्याचा पदर सांभाळण्याचा डौल, त्याचा चढा आवाज, रडण्याच्या प्रसंगात बायाबापड्यांनी डोळ्याला लावलेले पदर. पुढच्या हंगामाच्या गठ्ठ्यात त्याच कंपनीच्या पत्रकावर नायिका म्हणून नागपूरहून आलेल्या बाईंचं नाव आहे. आणि तो गडी? तो वहीत सापडतो, संवाद पुरवणारा म्हणून. पत्रकावर त्याचं नाव नाही, बातमीतही नाही. स्त्रीपार्टी नटांच्या हातून ती कामं कशी गेली, हे अभ्यासक चार वाक्यांत सांगतात. एका माणसाच्या बाबतीत ते दोन हंगामांच्या मधल्या उन्हाळ्यात घडलं, हे त्या दोन गठ्ठ्यांमुळे कळतं. कात्रणांची वेगळी चळत केली असती तर हा माणूस कुणाला दिसलाच नसता.

तुमचे हात कागदावर कसे चालतात ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. गंजलेली टाचणी तुम्ही कधी ओढून काढली नाहीत. तिच्याखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवायची, कागद पट्टीच्या आड ठेवायचा आणि मग टाचणी हळूहळू सोडवायची. गंजाने कागदाला जिथे भोक पडलं होतं तिथे चिकटपट्टी लावू दिली नाहीत; तिचा गोंद काही वर्षांनी तपकिरी होतो आणि कागदात मुरतो. वर्तमानपत्राचा कागद पिवळा का पडतो तेही तुमच्याकडूनच कळलं. त्या कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, उजेड आणि हवा लागून ते बदलतं, आम्ल तयार होतं, कागद ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदावरही डाग उतरतो. म्हणून कात्रण आणि वहीच्या मध्ये आम्लमुक्त कागद घातलात, दोघांची सोबत मात्र तोडली नाहीत. लॅमिनेशन करून घेऊ या, असं बरेच जण सुचवत होते. एकदा केलं की ते कागदाला धक्का न लावता परत काढता येत नाही, हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगितलंत. पत्रकांची कच्ची शाई ओलाव्याने पसरते, तेव्हा त्यांना फक्त मऊ ब्रश. वाळवी माळ्याच्या तुळईपर्यंत आली होती, तिचा बंदोबस्त आधी केलात, स्कॅनिंग मागून.

गावांच्या नावांसाठी तुम्ही घेतलेले कष्ट वेगळेच. एकाच गावाच्या पत्रकांवर आधी ‘जि. चांदा’, मग ‘जि. चंद्रपूर’ आणि २६ ऑगस्ट १९८२ ला नवा जिल्हा झाल्यावर ‘जि. गडचिरोली’. गोंदिया तर १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला. यादीत पत्रकावर छापलेलं तसंच लिहायचं आणि शेजारच्या रकान्यात आजचा तालुका-जिल्हा, ही तुमची रीत. त्यामुळे आज कुणी आपल्या गावाचं नाव सांगितलं की त्या गावची सगळी पत्रकं एका जागी निघतात. मागच्या महिन्यात एका तरुण नटाला त्याच्या आजोबांचं नाव असंच सापडलं.

शंकरपटाचंही तसंच. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या हंगामांत कुठल्या गावांनी पटाशिवायही नाटक लावलं आणि कुठल्या गावांची पत्रकं येणंच बंद झालं, हे बाबांच्या शेवटच्या गठ्ठ्यांत क्रमाने दिसतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या रंगभूमीचं नाव दूरवर गेलं, त्याचा आनंद आहेच. तो बघायला बाबा हवे होते. पण या रंगभूमीवर उभी हयात घालवलेल्या किती जणांचं नाव कुठेच छापलेलं नाही. ती नावं बाबांच्या वह्यांत आहेत.

एका गोष्टीसाठी तुमच्यापुढे हात जोडते. बाबांना आलेल्या पत्रांत नटांनी हातउसने पैसे मागितल्याची पत्रं होती, घरची दुखणी होती, एकमेकांबद्दलचे राग होते. ती फाडावीत असं मला वाटत होतं, भावाला वाटत होतं सगळ्यांसाठी खुली करावीत. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात. ती पत्रं वेगळ्या पाकिटांत ठेवलीत, यादीत ‘खासगी पत्रव्यवहार’ एवढीच नोंद केलीत आणि लिहिणारी माणसं व त्यांची मुलं हयात आहेत तोवर त्यांच्या संमतीशिवाय उघडायची नाहीत, असं दानपत्रात कलम घालून घेतलंत. बाबांनी त्या माणसांचा राखलेला विश्वास तुम्हीही राखलात. मुलाखतींच्या कॅसेटींनाही तोच नियम लावलात.

आणि दानपत्रातलं दुसरं कलम: स्कॅनची एक प्रत आमच्या घरी राहील आणि झाडीपट्टीतल्या कलावंतांना कागद बघायला शुल्क पडणार नाही. त्यासाठी तुम्ही कार्यालयात किती वेळ उभ्या होतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत.

फोटोंची एक पेटी अजून उरली आहे. त्यातल्या बऱ्याच फोटोंच्या मागे काहीच लिहिलेलं नाही आणि ती माणसं ओळखणारी आता आईच आहे. तिचा निरोप आहे की मंडईच्या आधी या. मंडईला घर पाहुण्यांनी भरलं की तिला बसायला सवड मिळत नाही. पेन्सिल तुमची मऊ तीच आणा, इकडे मिळते तिचा वळ फोटोच्या पुढच्या बाजूला उमटतो. बाकी सगळी तयारी करून ठेवते.

तुमची ऋणी,
एका नाट्यवार्ताहराची लेक