इंजिनाला रंग नंतर द्या, आधी छप्पर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ तोंडावर आलाय, स्टेशनांच्या कामांची गडबड सुरू आहे, आणि कुठल्याही स्टेशनच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की एक कल्पना हमखास पुढे येतेच, बाहेर चौथरा बांधा नि वर एक जुनं इंजिन ठेवा. फोटो चांगले येतात, लहान मुलं खुश होतात, त्याला माझा विरोध नाही. पण फीत कापून झाल्यावर त्या इंजिनाचं काय होतं हे बघायला कुणी थांबत नाही, म्हणून हे पत्र.

वाफेचं इंजिन उघड्यावर ठेवलं की पाऊस पहिल्यांदा शिरतो तो धुराड्यातून. आत वर्षानुवर्षांची काजळी आणि राख बसलेली असते, कोळशात गंधक असतं, ते सगळं भिजलं की त्याचं आम्ल तयार होतं आणि ते आतून पत्रा खात बसतं. बाहेरून इंजिन मात्र चकाचक, कारण 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट आला की जुना रंग न खरवडता वरून ऑइल पेंटचा अजून एक हात मारला जातो, त्यात कारखान्याची पाटी बुजते, नंबर बुजतात, तेल सोडायच्या भोकांमध्येसुद्धा रंग जातो. पितळेचे गेज, शिट्टी वगैरे तर त्याच्या आधीच गायब झालेलं असतं. डब्यांचंही तसंच, गंज धरतो तो खिडकीच्या खालच्या पत्र्यात आणि दाराजवळच्या फ्लोअरमध्ये, जिथे पाणी मुरतं पण दिसत नाही. आता धुराड्यावर पत्र्याचं एक झाकण बसवायला असा किती खर्च येतो हो? कुठल्याही फिटरला विचारा, तो हसेल. रंगाला बजेट असतं, झाकणाला नसतं, एवढीच काय ती गोष्ट.

आम्ही नाशिकरोडचे चार-सहा जण रविवारी एका मित्राच्या गाळ्यात जमतो आणि रेल्वेच्या जुन्या वस्तू दुरुस्त करतो. दोघं रिटायर झालेले फिटर आहेत, एक सुतार आहे, बाकी माझ्यासारखे हौशी. संस्था नाही, बोर्ड नाही, चहाचे पैसे वर्गणीतून. सध्या हातात आहे तो खांबावरचा हात खालीवर होणाऱ्या जुन्या सिग्नलवरचा रॉकेलचा दिवा. पूर्वी बत्तीवाला रोज शिडी चढून हे दिवे लावायचा, आणि दिव्याच्या पुढे सिग्नलच्या हाताबरोबर खालीवर होणाऱ्या दोन रंगीत काचा असायच्या. आमच्यातल्या एका तरुण पोराला वाटलं काच चुकीची बसवलीय, कारण लाल बरोबर होती पण दुसरी हिरवी नव्हतीच, निळसर होती. तेव्हा आमच्या फिटरदादांनी गाळ्याचं शटर खाली ओढलं, वात पेटवली आणि दाखवलं, रॉकेलची ज्योत पिवळी असते, पिवळा उजेड निळ्या काचेतून आला की लांबून स्वच्छ हिरवा दिसतो. आत पांढरा एलईडी टाकलात तर सिग्नल निळा दिसेल. आता ही गोष्ट पाटीवर लिहिता येईल, पण काच हातात घेतल्यावर जशी कळते तशी नाही कळत, आणि कुणीतरी हौसेनं ती काच बदलून हिरवं प्लॅस्टिक लावलं असतं तर ती कायमची गेली असती.

म्हणून आमच्याकडे काही गोष्टी ठरलेल्या आहेत. नट खोलायच्या आधी फोटो काढायचा, निघालेला प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची, रंग काढताना एका कोपऱ्यात सगळे थर तसेच ठेवायचे म्हणजे आधीचा रंग कुठला होता ते पुढच्यांना कळेल. सरसकट सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, करायचं नाही, पातळ पत्रा असेल तर गंजाबरोबर तोही उडतो. आणि जुन्या रंगात शिसं असतं, जुन्या बॉयलरच्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे शाळेतल्या पोरांना पॉलिश पेपर देऊन 'श्रमदान' करवून घ्यायचा जो उत्साह काही लोकांना येतो तो कृपया आवरावा.

दुसरी अडचण कायद्याची. रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दलचा 1966चा कायदा आहे, म्हणजे वस्तू कुठून आली ते दाखवता आलं नाही तर चोरीचा संशय तुमच्यावर. कायदा बरोबरच आहे, नाहीतर रुळसुद्धा राहिले नसते. पण त्यामुळे घराघरात पडलेल्या वस्तू लोक बाहेर काढत नाहीत, आजोबांचा कंदील माळ्यावर असतो आणि घरचे घाबरून तो भंगारात घालतात. आम्ही भंगारवाल्याची पावती वस्तूपेक्षा जास्त जपतो, तो भाग वेगळा. रेल्वेनं अशा वस्तू रीतसर नोंद करून स्वीकारायची एक खिडकी उघडली तर बऱ्याच गोष्टी वितळायच्या आधी वाचतील.

आणि ठेवायचंच असेल तर नाशिकचं काहीतरी ठेवा ना. कुठल्या तरी लांबच्या लाईनीवरचं इंजिन आणून इथे उभं करायचं आणि खाली नाशिकचा रेल्वे वारसा म्हणून लिहायचं याला काय अर्थ आहे. आपल्याकडे काय कमी आहे? 1865 साली थळ घाटातून, म्हणजे कसारा घाटातून, गाडी इगतपुरीला पोचली, चढ 37 फुटांना 1 फूट, आजही कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लावावी लागतात. 1930च्या सुमारास घाटात वीज आली आणि 'खेकडा' इंजिनं धावायला लागली, विजेची असून वाफेच्या इंजिनासारखे चाकांना दांडे, उभी असताना कण्हल्यासारखा आवाज. अशी 41 होती, आता एक दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आणि एक मुंबईत नेहरू सायन्स सेंटरला बघायला मिळतं. नंतरही कितीतरी वर्षं डीसी विजेचं इंजिन काढून एसी विजेचं लावायला गाड्या इगतपुरीला थांबायच्या, तेवढ्यात लोक खाली उतरून वडे खायचे, ते अनेकांना आठवत असेल, पण ते इंजिन जोडणारे-सोडणारे लोक आता सत्तरीच्या पुढे गेलेत. मनमाड-दौंड सिंगल लाईनीवर ड्रायव्हरला धातूचा गोळा, म्हणजे पुढची लाईन मोकळी असल्याचा परवाना, मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही, तो गोळा आणि त्याचं मशीन नव्या पिढीनं पाहिलेलंच नाही. आणि ट्राम! मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत 1889 पासून ट्राम होती, चार घोडे आणि दोन डबे, रुळांची रुंदी अडीच फूट, सल्लागार इंजिनिअर कॅल्थ्रॉप म्हणजे ज्यानं पुढे बार्शी लाईट रेल्वे केली तोच. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. मेनरोडला खरेदीला गेलेल्या दहा जणांना विचारून बघा, किती जणांना माहितीये.

हे सगळं सरकारनंच करावं असंही नाही. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे बंद पडायला आली होती, 1951 पासून ती स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, आजही चालते. आपल्याच राज्यात नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम 2002 पासून आहे, ते रेल्वेचं आहे पण जागच्या वस्तू जागेवर ठेवल्यात हे महत्त्वाचं. आणि नाशिककरांना हे जमणार नाही असं म्हणू नका, अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आणि म्युझियम आपल्याच जिल्ह्यात आहे. शिवाय नाशिकरोडला ट्रॅक्शन मोटरींचा रेल्वेचा कारखाना आहे, इलेक्ट्रिकल इंजिनिअरांना शिकवणारी इरीन आहे, मनमाडला पुलांच्या गर्डरचं वर्कशॉप आहे. व्हाइट मेटलचं बेअरिंग हातानं खरवडून बसवणारी, आवाजावरून बिघाड सांगणारी माणसं इथेच जेलरोडला, देवळालीगावात रिटायर होऊन बसलीत आणि नातवंडांना क्लासला सोडतायत. वस्तू एकवेळ भंगारातून परत मिळेल, ही माणसं नाही मिळायची.

वाफेचं इंजिन पुन्हा चालवायच्या गप्पा मी करणार नाही, बॉयलरची तपासणी, नळ्या, सर्टिफिकेट, तो खर्च हौशी लोकांच्या आवाक्यातला नाही. आमचं मागणं त्यापेक्षा फार लहान आहे. सिंहस्थाच्या कामात जुनी लोखंडी बाकं, घंटा, लिव्हर, पाट्या जे काही निघेल त्याची भंगारात पाठवायच्या आधी यादी करा, त्या यादीवर नजर टाकायला दोन रिटायर फिटर बसवा, ते एक रुपया घेणार नाहीत. आणि ओढा स्टेशनच्या बाजूला किंवा एकलहरे रोडला रेल्वेची एखादी रिकामी शेड करार करून वापरायला द्या. गळकी असली तरी चालेल, पत्रे आम्ही बदलून घेऊ. चौथऱ्यावर इंजिन आलंच तर त्याच्या धुराड्याचं झाकणही आम्ही करून देतो, माप तेवढं घेऊ द्या.

आपला एक वाचक,
जेलरोड, नाशिकरोड