जिनेव्हाहून, कापसाबद्दल

जिनेव्हा
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबा आणि आई,

परवा फोनवर बाबा म्हणाले की कापसाचा भाव काय, तो नशिबाचा भाग. नेट तुटत होतं म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून आज सरळ लिहायलाच बसले. बाबा, ते नशीब नाहीये. आपल्या भावाशी ज्यांचा संबंध आहे असे नियम जिथे ठरतात, किंवा वर्षानुवर्षं ठरू दिले जात नाहीत, ती जागतिक व्यापार संघटनेची बिल्डिंग माझ्या बसच्या रस्त्यावर आहे, तळ्याच्या काठाला, आणि मी रोज तिच्यासमोरून जाते.

तुम्ही विचारलं होतं ना, आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे नेमकं शिकते काय. तर या सेमिस्टरला मी कापूसच शिकतेय.

वर्गात बुर्किना फासोची एक मुलगी आहे, पश्चिम आफ्रिकेतली, बोबो-डियुलासो म्हणून शहर आहे त्याच्या जवळ तिच्या घरची पऱ्हाटी आहे. तिच्या टेबलावर एक फुटलेलं बोंड असतं. एकदा मी ते हातात घेतलं तर तिने त्यातला थोडा कापूस काढला, सरकी बाजूला केली, रुई दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढली आणि धाग्याची लांबी बघितली, बाबा, अगदी तुम्ही जिनिंगवर गाडी खाली करायच्या आधी बघता तशी!! मला एकदम भरून आलं. त्यांच्याकडेही कापसाला पांढरं सोनंच म्हणतात, आणि वेचणीही हातानेच. बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं जनुक घातलेलं बियाणं, त्यांनी २००८ ला घेतलं आणि २०१६ च्या सुमारास सोडून दिलं, अळीमुळे नाही, तर धागा आखूड निघायला लागला आणि बाजारात त्यांच्या मालाचं नाव खराब व्हायला लागलं म्हणून.

तर २००३ मध्ये बुर्किना फासो, माली, बेनिन आणि चाड हे चार गरीब देश एकत्र आले, बुर्किनाचे राष्ट्रपती ब्लेझ कॉम्पाओरे जूनमध्ये स्वतः जिनेव्हाला येऊन बोलले की आम्हाला मदत नको, फक्त श्रीमंत देशांनी कापसावरची सबसिडी बंद करावी. अमेरिकेत तेव्हा कापूसवाले शेतकरी साधारण २५ हजार, आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेत कापसावर पोट असलेले लोक एक कोटीच्या आसपास धरले जात. सबसिडीमुळे होतं काय की भाव पडला तरी तिकडचा शेतकरी पेरा कमी करत नाही, जास्तीच्या गाठी जगाच्या बाजारात येतात, न्यूयॉर्कच्या बाजारातला वायद्याचा भाव खाली जातो, आणि इकडे जिनिंगवाला खंडीचा रेट तोच बघून ठरवतो.

मग सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत कानकूनला या व्यापार संघटनेची मोठी परिषद झाली. तिथल्या मसुद्याचा कापसावरचा परिच्छेद मी लायब्ररीत तीनदा वाचला. त्यात सबसिडी बंद करा असं कुठेच नाही, उलट या देशांनी कापसावरचं अवलंबन कमी करून दुसरीकडे वळावं त्यासाठी जागतिक बँकेसारख्या संस्थांशी बोलू असं आहे! आपल्याकडेही शेतकऱ्याला हेच सांगतात ना, कापूस सोडा, दुसरं काही लावा. परिषद मोडली आणि ते चौघे रिकाम्या हाताने घरी गेले.

ब्राझीलचं मात्र वेगळं झालं. त्यांनी २००२ मध्येच कापसाच्या सबसिडीवरून याच संघटनेत अमेरिकेवर केस टाकली होती, ती जिंकले, २००५ मध्ये अपिलातही जिंकले, तरी अमेरिका ढिम्म. शेवटी २०१० मध्ये ब्राझीलने तुमचे पेटंट पाळणार नाही अशी धमकी दिली तेव्हा अमेरिका नरमली, पण कशी, तर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायला तयार झाली आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन केस मिटवली. बेनिन आणि चाड त्या केसमध्ये बाजूचे पक्ष होते, त्यांना दमडी मिळाली नाही. न्याय त्यांच्याच बाजूने होता, पण धमकी द्यायला हातात काही नव्हतं. माझी मैत्रीण हे सांगताना रडत नाही, नुसती गप्प होते.

आणि आपला देश? कानकूनला आपण ब्राझीलबरोबर गरीब देशांच्या बाजूने उभे होतो, पण २०१८ मध्ये अमेरिकेनेच इथे तक्रार मांडली की भारताचा कापसाचा हमीभाव मर्यादेबाहेरचा आहे. यंदा, २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, गिरण्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारने कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी डिसेंबरअखेरपर्यंत काढली, म्हणजे नेमकं आपली वेचणी चालू असताना. मला याचा फार राग आलाय बाबा. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये कागदावर आहे, पण बाहेरचा स्वस्त माल आला की व्यापारी त्याच्या खालीच बोलणार, आणि ओलावा जास्त निघाला की हमीभावाच्या काट्यावरूनही माल परत फिरतो, तेव्हा नीट वाळवूनच न्या, घाई करू नका.

आई, थंडी आहे पण तू दिलेली गोधडी पुरते. काळजी करू नको.

बाबा, एक काम करा. यंदा एकरी किती क्विंटल निघाला, वेचाई किलोला किती दिली आणि व्यापाऱ्याने पहिला रेट काय सांगितला ते व्हॉट्सॲपवर टाका, पावतीचा फोटोही. मैत्रीण तिच्या वडिलांचे आकडे मागवतेय, आम्ही दोघी ते शेजारी शेजारी ठेवून प्रोफेसरांना दाखवणार आहोत.

तुमची,
लेक